ज्युलीने दालांबेरला अंधारात ठेवलं, ते माफ करता येईल का?

धागाकर्ती:
अठराव्या शतकात पॅरिसमध्ये विद्वानांच्या बैठका भरवणारी ज्युली द लेस्पिनास झोपेतून उठायच्या आत पत्र हाती असावं, म्हणून दालांबेर स्वतः टपालकचेरीत जायचा. पत्रं कुणाची? मार्की द मोराची, तिच्या स्पॅनिश प्रियकराची! दालांबेर म्हणजे एवढा मोठा गणिती, फ्रेंच विश्वकोशाचा संपादक. १७६५पासून दोघं पॅरिसमध्ये एकाच घरात राहत होती. त्याचं तिच्यावर प्रेम, आणि मोराचं प्रकरण त्याला ठाऊकच नव्हतं. मे १७७६मध्ये ती गेली. कागदपत्रांची निरवानिरव तिने त्याच्यावरच सोपवली होती. मोराची पत्रं जपलेली निघाली, त्याचं स्वतःचं एकही नाही. जिवंतपणी दोन शब्द सांगायला काय हरकत होती? मला हे अक्षम्य वाटतं.

प्रतिसाद १:
अजिबात पटलं नाही. पॅरिसच्या त्या बैठकांच्या वर्तुळातल्या सरदारणींची प्रकरणं खपून जायची, कारण पाठीशी नवऱ्याचं नाव असायचं. ज्युली अनौरस. अशाच बैठका भरवणाऱ्या, दृष्टी गेलेल्या मादाम द्यु देफाँकडे तिने दहा वर्षं सोबतीण म्हणून काढली. बाईंच्या बैठकीचे पाहुणे आधी तासभर ज्युलीच्या खोलीत येऊन बसतात हे कळल्यावर १७६४मध्ये बाईंनी तिला घराबाहेर काढलं. एकदा असं छप्पर गेलेली बाई मनातलं सगळं कुणाला सांगत बसेल? आणि दालांबेरने तरी कधी स्पष्ट विचारलं?

प्रतिसाद २:
तुम्ही दोघी मोराला विसरताय. तो तिच्याहून बारा वर्षांनी लहान, क्षयाने खंगलेला. माद्रिदला परतला, तेव्हा ती इकडे कर्नल गिबेरमध्ये गुंतत गेली. १० फेब्रुवारी १७७४ला ती गिबेरची झाली आणि त्याच दिवशी तिकडे मोराला रक्ताची उलटी झाली. तिला भेटायला तो तशाच अवस्थेत निघाला आणि २७ मे रोजी वाटेतच, बोर्दोमध्ये वारला. त्या दोन तारखांची गाठ तिच्या मनातून सुटलीच नाही. अफूवर दिवस काढले तिने. पुढच्याच वर्षी गिबेरने सतरा वर्षांच्या मुलीशी लग्न केलं. तिने भोगलं ते पुरे नाही का?

धागाकर्ती:
भोगलं, मान्य. पण पश्चात्ताप कुणापाशी केला? गिबेरपाशी! दालांबेरच्या वाट्याला चिडचिड आणि अबोला. ती गेल्यावर तो बिचारा आपलं दुःख लिहून कळवतो, तेही गिबेरलाच. गिबेरला लिहिलेली तिची पत्रं छापली गेली १८०९मध्ये, दालांबेर १७८३मध्येच गेला होता. म्हणजे गिबेरचं प्रकरण त्या पत्रांतून त्याला कळणं शक्यच नव्हतं.

प्रतिसाद १:
मग यात ज्युलीइतकाच गिबेरही दोषी. ती तर गेली होती. दालांबेरचं ते दुःखाचं पत्र हातात असताना गप्प राहिला तो.