गणपतीला गावी मुक्काम: रात्रभर लोळणाऱ्या बाळाला कॉटमध्ये कसं झोपवावं?

देवगडची_सून

नमस्कार मंडळी. गणपतीच्या आठवडाभर आधी देवगडला सासरी जातेय आणि यंदा दिवाळीपर्यंत तिथेच मुक्काम आहे. मुलगा साडेसात महिन्यांचा. रात्री म्हणून एका जागी राहत नाही. उशाशी निजवावं, तर थोड्या वेळाने कॉटमध्ये आडवा झालेला असतो. पाय गजांतून बाहेर काढतो, ते अडकले की रडतो. पालथा झाला की तसाच झोपून जातो आणि मी उठून त्याला उताणा करत बसते. माझी झोप म्हणाल तर नाहीच.

सासरचं घर जुनं, चिऱ्याचं, वर कौलं, खाली फळ्या किंवा सिलिंग काही नाही. इथली कॉट तिकडे नेता येण्यासारखी नाही. घरात सागवानी पाळणा आहे, तो सासूबाईंनी घासूनपुसून ठेवलाय. तो वापरू, की गावच्या सुताराकडून कॉट करून घेऊ? गजांना बांधायचा मऊ बंपर मिळतो तो घ्यावा का? पावसात तिथल्या गाद्या ओलसर लागतात, आणि डास तर विचारूच नका. सासूबाईंनी नातवाचं डोकं गोल व्हावं म्हणून मोहरीची उशीही शिवलीय. त्यांचं मन मोडायचं नाहीये. अनुभवी लोकांनी सांगा.

चिपळूणची_सिस्टर

ताई, मी बालरोग वॉर्डात काम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. या वयाचं मूल गडबडा लोळतं ते चांगलंच आहे. त्याला लोळू द्यायचं, फक्त लोळून जिथे जाईल तिथे काही असू नये.

वर्षाचा होईपर्यंत निजवताना दर वेळी उताणाच निजवा. पण तो स्वतःच्या बळावर दोन्हीकडे वळत असेल, म्हणजे उताण्याचा पालथा आणि पालथ्याचा उताणा, तर झोपेत पालथा झाल्यावर त्याला परतवायला रात्रभर उठू नका. अट एकच, कॉट रिकामी हवी. सपाट घट्ट गादी, तिच्यावर ताणून बसवलेली चादर आणि बाळ. उशी, गोधडी, लोड, बाहुल्या यातलं काही नको. अमेरिकेत १९९४ मध्ये बाळांना उताणं निजवा अशी मोहीम निघाली आणि पुढच्या काही वर्षांत झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. एवढा फरक मुख्यतः निजवण्याच्या पद्धतीने पडला. तेव्हा हे मनावर घ्याच.

बंपर अजिबात घेऊ नका, कुणी भेट दिला तरी बांधू नका. बाळ त्या मऊ कापसात तोंड खुपसून बसतं, नाड्या सुटून गळ्याशी येतात आणि उभं राहायला लागलं की त्याच्यावरच पाय देऊन कॉटबाहेर येतं. अमेरिकेने २०२२ मध्ये कायदा करून असे बंपर विकायलाच बंदी घातली. गजांतलं अंतर बरोबर असेल तर पाय अडकून बाळ रडेल, फार तर वळ उठेल, जिवाला धोका नाही.

पायांवर उपाय आहे. बिनबाह्यांचं लांब अंगडं शिवा, खालून पिशवीसारखं बंद. जुन्या मऊ सुती साडीचं, एकपदरी. गळा आणि बाह्यांची भोकं बेताची, डोकं आत घसरणार नाही अशी, आणि खालचा घेर ऐसपैस, मांड्या फाकवून पाय झाडता आले पाहिजेत. पाय आत राहिले की गजांतून बाहेर येत नाहीत आणि पांघरूणही लागत नाही. हात मात्र मोकळेच ठेवा. दुपट्यात हात बांधून गुंडाळणं बाळ वळायला लागलं की बंद करायचं असतं.

आणि रात्री ऊं-ऊं केलं, चुळबूळ केली, म्हणजे जाग आली असं नाही. बाळाची झोप मोठ्यांपेक्षा लहान लहान टप्प्यांची असते आणि दोन टप्प्यांच्या मध्ये ते असं हलतंच. लगेच उचललंत तर खरंच जागं होईल. अंधारातच जरा थांबून पाहा, पुष्कळदा पुन्हा गाढ लागतं. रडणं चढत गेलं तर अर्थात घ्या, लंगोट बघा, नाक चोंदलंय का बघा.

मोहरीची उशी वर्षभर कॉटमध्ये नको. सासूबाईंना सांगा की दूध पाजताना तुमच्या कोपराखाली घ्यायला ती फार सोयीची आहे. त्यांची शिवण वाया जायची नाही. डोकं चपटं होऊ नये म्हणून दिवसा जागेपणी पालथं घालून खेळवा, तोच उपाय आहे.

लाकूडकाम_कुडाळ

पाळण्याबद्दल सांगतो. चांगला सागवानी पाळणा असला तरी तुमच्या मुलाचं वय आता पाळण्याचं राहिलेलं नाही. मूल वळायला, हातागुडघ्यांवर उठायला लागलं की पाळणा बंद. कठडा बुटका, त्यात झोका. एका बाजूला वजन गेलं की कलंडतो. आपल्याकडे आणखी एक गोष्ट असते, खारा वारा. कड्या, साखळ्या, आढ्याचा हूक वरून काळेभोर दिसतात आणि घासलं जातं तिथे आतून गंजून अर्धे झालेले असतात. दिवसा तुमच्या नजरेसमोर वापरणार असाल तरी सगळं लोखंड नवीन घाला.

गावचा सुतार कॉट नक्की करून देईल, फक्त मापं तुम्ही द्या. दोन गजांमधलं अंतर ६ सेंटीमीटरपेक्षा जास्त नको, नाहीतर धड निसटून डोकं अडकतं. सुतार सवयीने खिडकीच्या गजांचं अंतर धरतो, तेव्हा समोर उभं राहून मोजून घ्या. गादी सगळ्यांत खालच्या पातळीवर असताना तिच्या तळाच्या फळीपासून कठडा निदान ६६ सेंटीमीटर उंच हवा. तुमचा मुलगा आता महिन्या-दोन महिन्यांत धरून उभा राहील, म्हणून पहिल्या दिवसापासून गादी खालीच ठेवा. कोपऱ्यांच्या खांबांवर कळस, लाटू, नक्षी काही नको, अंगड्याचा गळा त्यात अडकतो. सरकवून खाली घ्यायची बाजू करायला सांगू नका. अमेरिकेत २०११ पासून तशा कॉट विकता येत नाहीत, कारण बाजू निखळून मुलं फटीत सापडली होती. स्क्रू स्टेनलेस स्टीलचे. आणि रंग नको, नुसतं घासून गुळगुळीत करा. दात येणारं मूल कठडा चावणारच. जुन्या पाळण्याला तेलरंग दिलेला असेल तर त्यात शिसं असू शकतं. आपल्याकडे रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा २०१७ मध्ये लागू झाली, त्याआधीचा रंग चावायला देऊ नये.

गादी काथ्याची करून घ्या. कापसाची गादी पावसात ओल धरते, मधे खड्डा पडतो आणि त्या खड्ड्यात बाळाचं तोंड रुततं. गादी कॉटच्या मापात घट्ट बसली पाहिजे, कडेला दोन बोटांहून जास्त फट नको. तळाला अखंड फळी न मारता पट्ट्या मारायला सांगा, खालून वारा खेळतो.

मालवणची_आजी

गो बाय, झोळी बांधूक हरकत नाय असा सगळे सांगतले. मीय सगळ्या नातवंडांका झोळयेत जोजवलंय. पण ऐक, झोळयेत पोर वाकडा होता, हनवटी छातयेक टेकता, श्वास नीट येना नाय. जागा आसताना, तू बाजूक बसलंस तर झोके दी. डोळे मिटले काय उचलून कॉटीत उताणा घाल. उठात म्हणान भियां नको, दोन दिवसांत सवय होता. आणि गळ्यातलो काळो दोरो, ताईत रात्री काढून ठेव. करदोटो कमरेक आसूंदे.

महाडचा

कौलारू घर म्हणालात म्हणून लिहितोय, कारण सगळे कॉटच्या आतलं बोलताहेत आणि आपल्याकडे धोका वरून आणि भिंतीवरूनही येतो. पावसाळ्यात कौलांतून, वाशांवरून विंचू, गोम, पाल खाली पडते. कॉट भिंतीपासून हातभर लांब ठेवा. खुंटीवरचे कपडे, पडदे, छत्र्या तिला टेकता कामा नयेत. मच्छरदाणी दिवसाही लावा. वरचं कापड जाड असेल तर उत्तम, पडलेली वस्तू वरच अडकते. चौकटीवर ताणून बसवलेली जाळी घ्या आणि सगळ्या कडा गादीखाली खोचा. सैल लोंबणारी जाळी तुमचा मुलगा ओढून तोंडावर घेईल. निजवण्याआधी बॅटरी घेऊन गादी उचलून, चादरीच्या दुमडी आणि अंगडं उलटून झटकून बघायचं, हे रोजचं. जमिनीवर अंथरूण घालून बाळाला घेऊन झोपू नका. मण्यार रात्रीच फिरते आणि तिचा दंश झोपेत कळतही नाही.

बाळ एकाएकी किंकाळी फोडून रडायला लागलं, दरदरून घाम, लाळ, उलटी, हातपाय गार, असं दिसलं तर विंचू सापडायची वाट पाहू नका, तडक दवाखाना. लहान मुलांना तांबडा विंचू फार बाधतो, थेट हृदयावर परिणाम होतो. आमच्या महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी यावर प्राझोसिन या औषधाचा उपचार रुजवला आणि कितीतरी जीव वाचले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. गावात पोचल्यावर पहिल्याच दिवशी चौकशी करून ठेवा की जवळच्या कुठल्या दवाखान्यात रात्री डॉक्टर असतात, आणि गाडी कुणाची मिळेल.

देवगडची_सून

सगळ्यांचे मनापासून आभार. आजी, तुमचं तर दोनदा वाचलं. सुताराला मापं आजच कळवते. अजून तीन गोष्टी राहिल्या. डासांसाठी कॉइल लावतात, संध्याकाळी बाळाला ओवा-वावडिंगाची धुरी देतात, आणि सर्दी होऊ नये म्हणून कापराची पुरचुंडी बांधतात. शिवाय पावसात वीज रात्र रात्र नसते. उकाड्याने तो आणखी तळमळतो.

चिपळूणची_सिस्टर

कॉइल बाळाच्या खोलीत नको, धुरीही नको. धूर तो धूर, नाजूक फुप्फुसांना सोसत नाही. तिन्हीसांजेला दारं-खिडक्या लावून घ्या आणि बाळाला जाळीत ठेवा, तेवढं पुरतं. डास पळवायला लावतात ते लिंबू-निलगिरीचं तेल तीन वर्षांखालच्या मुलांना लावू नये. कापूर तर घराबाहेर ठेवा. पुरचुंडी हाताला लागली की तोंडात जाणार, आणि पोटात गेलेला थोडासा कापूरही बाळाला झटके आणू शकतो. हे सासूबाईंना शांतपणे पण स्पष्ट सांगा, इथे मन राखत बसू नका. नाक चोंदलं तर सलाइनचे थेंब द्या.

उकाड्यात नुसता लंगोट आणि ते एकपदरी अंगडं पुरे, फारच उकडलं तर नुसता लंगोट. हातपाय गार लागले म्हणून टोपी-मोजे चढवू नका. मानेमागे हात लावून बघा, घामट लागली तर कपडे कमी करा. घामोळ्यांवर पावडर उडवू नका, ती श्वासात जाते. ओल्या मऊ कापडाने टिपून काढा. चार्जिंगचा एक पंखा सोबत न्या, तो दूर ठेवून खोलीतली हवा हलती ठेवा, आणि त्याची वायर कॉटपासून निदान तीन हात लांब.

लाकूडकाम_कुडाळ

वायरवरून आठवलं. कॉट गणपतीच्या खोलीत मांडू नका. माटवीला, म्हणजे गणपतीच्या वर टांगलेल्या लाकडी चौकटीला, बांधलेली कवंडळं, सुपारीचे घड खाली गळतात, दिव्यांच्या माळा हाताशी येतात. कवंडळ दिसतं लालभडक, पण खायचं फळ नव्हे, रांगणारं मूल आधी त्याच्याकडेच जाईल. आतली खोली घ्या, पण तुमच्या अंथरुणाच्या शेजारची, रात्री हात पोचेल एवढी. सुताराने मापं मागितली तर लांबी १२० आणि रुंदी ६० सेंटीमीटर सांगा, त्या मापाच्या चादरी आणि मच्छरदाण्या तयार मिळतात.