करारात ‘भरपाई नाही’ लिहून दिलं, तरी कोर्टाने भरपाई दिली कशी?

अभ्यासिका_लातूर:
एमपीएससीसाठी वाचतेय. भारत १९७९ साली नागरी आणि राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारात सामील झाला. बेकायदा अटकेबद्दल भरपाई मागण्याचा हक्क आपल्या कायद्यात नाही, असं तेव्हाच लिहूनही दिलं. तरी सुप्रीम कोर्ट भरपाई देतंय. मग सार्वभौमत्वाचं काय? आमचे सर म्हणतात, बाहेरच्यांनी आपल्याला शिकवू नये. मला पटत नाही, पण उत्तरही सुचत नाही.

घटनाप्रेमी:
घटनेचं कलम २५३ बघा. करारावर सही झाली म्हणून तो आपोआप कायदा होत नाही, संसदेने तसा कायदा करावा लागतो. सरांचं अगदीच चूक नाही.

तालुक्याची_वकील:
ताई, एकोणीस वर्षं फौजदारीचं काम करतेय, म्हणून राहवत नाही. नीलाबती बेहेरा निकाल मुळातून वाचा. ओडिशातली ही आई. १ डिसेंबर १९८७ रोजी पोलिसांनी तिच्या बावीस वर्षांच्या मुलाला चौकीत नेलं. रात्री ती जेवण घेऊन गेली, तो जेवला. दुसऱ्या दिवशी प्रेत रेल्वे रुळावर सापडलं. पोलीस म्हणाले, पळाला आणि गाडीखाली आला. आईने सुप्रीम कोर्टाला पत्र लिहिलं, तीच याचिका झाली.

१९९३ साली दीड लाखाची भरपाई मिळाली. राज्य सार्वभौम आहे म्हणून त्याच्यावर दावा चालत नाही, हा जुना बचाव मूलभूत हक्कांपुढे टिकणार नाही, असं कोर्टाने सांगितलं आणि आधाराला याच कराराचं नववं कलम घेतलं, बेकायदा अटकेला भरपाईचा हक्क देणारं. पुढे १९९६च्या डी. के. बसू निकालात तर म्हटलं, की ते लिहून दिलेलं आता गैरलागू झालंय. हे बाहेरच्यांनी शिकवलं का? निकाल आपल्या कोर्टाचा, जगण्याचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क देणारं कलम २१ आपल्या घटनेचं.

अभ्यासिका_लातूर:
मग कलम २१ पुरेसं होतं की! करार कशाला?

तालुक्याची_वकील:
एकदा रिमांडला एक पोरगा आणला. वैद्यकीय कागदावर ‘जखम नाही’. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी विचारलं, “मारहाण झाली का?” तो हवालदाराकडे बघत राहिला. मी म्हटलं, साहेब, याला चप्पल काढायला सांगा. तळवे काळेनिळे होते. असा पोरगा समोर उभा असतो तेव्हा आधाराला जितकी कलमं मिळतील तितकी हवीच असतात.

आणि सार्वभौमत्वाचंच म्हणाल तर पश्चिम बंगालमधल्या पुरुलियाचं प्रकरण बघा. १९९५ साली विमानातून शस्त्रं टाकली गेली. त्यातला आरोपी किम डेव्ही डेन्मार्कमध्ये आहे. भारतात छळ होण्याचा धोका आहे, म्हणून २०११ साली तिथल्या कोर्टाने त्याला भारताच्या ताब्यात द्यायला नकार दिला. २०२४ साली पुन्हा तेच. छळविरोधी करारावर आपण १९९७ सालीच सही केलीय, पण त्याला मान्यता अजून दिलेली नाही. २०१० साली त्यासाठीचं छळविरोधी विधेयक लोकसभेत मंजूर झालं, पुढे बारगळलं. आपल्या भूमीवर शस्त्रं टाकणाऱ्याला आपल्याच कोर्टात उभं करता येत नाही, हे सरांना नक्की विचारा.