मदत हवी आहे: म्युनिकमध्ये नवा संसार, जर्मनचा वर्ग आणि न शिजणारी डाळ

नमस्कार मंडळी,

लग्नानंतर मी नुकतीच म्युनिकला आले आहे. नवरा ब्लू कार्डवर (उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांचा परवाना) असल्यामुळे मला येताना जर्मनची परीक्षा द्यावी लागली नाही, आणि नोकरीची परवानगीही आहे. पण भाषेवाचून सगळं अडतं. फोक्सहोखशूलेतला (इथली सार्वजनिक प्रौढ शिक्षण संस्था) इंटिग्रेशन कोर्स, म्हणजे नव्याने आलेल्यांसाठीचा सरकारी भाषावर्ग, घ्यावा की खासगी वर्ग? पुण्यात मी अकाउंट्समध्ये होते. जर्मनची बी१ ही मधली पातळी झाल्यावर त्या कामाला कुणी उभं करतं का, की त्याच्या पुढची बी२ लागतंच?

दुसरं स्वयंपाकघरातलं. इथलं पाणी खूप जड, म्हणजे क्षारांचं आहे. कितीही शिट्ट्या केल्या तरी तूरडाळ टणकच राहते. फिल्टरच्या पाण्याने कुणाला फरक पडला का? आणि काचेच्या सपाट शेगडीवर फुलके कसे फुगवता? रात्री दहानंतर इमारतीत शांतता पाळतात, हा उशिरा येतो, म्हणून कुकर आधीच लावून ठेवते.

रविवारी दुकानं बंद असतात ते मला आवडायला लागलंय. दोघं इंग्लिश गार्डनमध्ये मनसोक्त फिरतो. बाकीचे दिवस मात्र फार एकटे जातात. दिवसा भेटू शकतील अशा मराठी मैत्रिणी इथे असतील तर कृपया आवर्जून कळवा.