स्विफ्टचा सायलेन्सर: फक्त मागचा डबा की पूर्ण पाइप?

कोथरूडकर: 1.2 पेट्रोल आहे. आवाज जरा भरीव हवा, फटफटीसारखा नको. सोसायटीत पार्किंगवरून आधीच वाजलंय. एक मेकॅनिक म्हणतो, "कॅट (धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) काढून सरळ पाइप टाकू, पिकअप बघाच." करू का?

सिंहगडरोडवाला: कॅटला हात लावू देऊ नकोस! त्याच्या मागच्या ऑक्सिजन सेन्सरला कळतं, चेक इंजिनचा दिवा लागतो आणि पीयूसीलाही अडकशील. बदलायचं ते कॅटच्या मागचं. पाइपचा व्यास 2 इंचांपेक्षा जास्त नको. टर्बो नसलेल्या छोट्या इंजिनाला जाड पाइप दिला की कमी आरपीएमचा दम जातो, कात्रज घाटात कळेल. आणि मधला रेझोनेटर (घुमणारा आवाज दाबणारा डबा) ठेवच. नाहीतर एक्सप्रेसवेवर एका वेगाला केबिनमध्ये असा घूंऽऽ भरतो की लोणावळ्यापर्यंत डोकं उठतं. आईला मागे बसवून बघ एकदा.

पिंपरी_फॅब्रिकेशन: एसएस (स्टेनलेस स्टील) 304 ग्रेडचं घ्या. 409 ग्रेड स्वस्त, पण वरून तांबूस पडतं. टिग वेल्डिंगची शिवण बारीक, एकसारखी दिसली पाहिजे. गोळे दिसले तर उठून या. पाइप तापला की लांबतो, त्यामुळे बंपरपासूनचं अंतर गाडी गरम असतानाच तपासा.

कोथरूडकर: आणि पोलीस?

सिंहगडरोडवाला: मोटार वाहन कायदा, कलम 190(2). दंड 10,000 रुपयांपर्यंत, लायसन्सही निलंबित होऊ शकतं. म्हणून आवाज बेतानेच, आणि मूळचा सायलेन्सर गॅरेजवाल्याकडे सोडून येऊ नकोस.