बायपासनंतर वडिलांच्या अंगावरून वारं गेलं, ऑपरेशन चुकलं म्हणायचं का?

गुऱ्हाळावरची_लेक

नमस्कार मंडळी. आमचे आबा गुळवे. गाव करवीर तालुक्यात. पाकाची गोळी बोटात दाबून काहील कधी उतरवायची ते सांगणारा माणूस आता सहजी मिळत नाही, म्हणून हंगामात आसपासच्या गुऱ्हाळांवरनं त्यांनाच बोलावणं यायचं. वय 66. साखर आहे, बीपी आहे, तंबाखू ऑपरेशनपुरती सुटली.

दिवाळीनंतर छातीत दुखायला लागलं. अँजिओग्राफीत तिन्ही नसांत ब्लॉक निघाले, बायपास कोल्हापुरातच केली. ऑपरेशन चांगलं झालं. नळी काढल्या काढल्या आबांनी पहिलं विचारलं ते गुऱ्हाळ पेटलं का म्हणून. वॉर्डात आणल्यावर एका रात्री छातीत धडधडतंय म्हणाले. मॉनिटरवर ठोके वेडेवाकडे पडत होते, औषध सुरू केलं. पहाटे मी चहा दिला तर कप हातातनं सुटला, तोंड वाकडं झालं, बोलणं बंद.

आता घरी आहेत. उजवा हात लुळा, धरलं की चार पावलं टाकतात. बोलण्याचं म्हणाल तर पाणी पाहिजे असलं तरी 'व्हय व्हय', नको असलं तरी 'व्हय व्हय'. आणि परवा दारात कुणीतरी "ज्योतिबाच्या नावानं" म्हटलं, तर आबांच्या तोंडातनं "चांगभलं!" एकदम खणखणीत. आई रडायला लागली. धाकटे चुलते म्हणाले, याला बोलता येतंय की, मुद्दाम बोलत नाही.

चुलत्यांचं ठाम मत आहे की डॉक्टरनं मेंदूची शीर दुखावली. छाती उघडल्यावर मेंदूला कसं काय लागेल? गुठळी विरघळवायचं इंजेक्शन असतं म्हणे, ते का दिलं नाही? छातीचं हाड तारांनी बांधलंय, मग हाताचे व्यायाम कसे करून घ्यायचे? भावकीतले लोक मालिशवाल्याकडं न्या म्हणतायत.

उद्यमनगरचा_टर्नर

ताई, आमच्या मामांना लकवा झाला तेव्हा एका वैद्याचा काढा आणि तेल दिलं होतं, लई फरक पडला. पत्ता पाहिजे असेल तर सांगा. डॉक्टर लोक नुसती बिलं काढतात.

बावडेकर_सिस्टर

टर्नर भाऊ, तुमचा हेतू चांगला आहे, पण तो पत्ता सध्या खिशातच ठेवा. कारण पुढं सांगते.

पोरी, हार्टच्या आयसीयूत माझी निम्मी नोकरी गेली, त्यामुळं जरा लांबण लागेल. छाती उघडताना मेंदूच्या शिरेला हात लागत नाही. मेंदूला जे होतं ते रक्तातनं वाहत जाणाऱ्या गोष्टीनं होतं. हृदयातनं निघणारी मोठी रक्तवाहिनी, महाधमनी, तंबाखू-साखरवाल्या माणसाची आतनं चुन्यासारखी कडक झालेली असते. ऑपरेशनवेळी हृदयाचं काम मशीनवर घेताना तिथं नळी घालावी लागते, चिमटा लावावा लागतो. तेव्हा एखादा कण सुटून वर गेला की पेशंट भुलीतनं उठतानाच हात हलवत नाही. मानेच्या नसा अरुंद असल्या आणि बीपी फार खाली गेलं तरी तसं होतं, म्हणून आधी मानेचा डॉप्लर, म्हणजे तिथल्या नसांची सोनोग्राफी, काढतात.

तुझे आबा तसे उठले नाहीत. ते बोलले, गुऱ्हाळाची चौकशी केली. म्हणजे ऑपरेशनच्या टेबलावर काही झालं असावं असं निदान यावरनं तरी वाटत नाही. रात्रीची ती धडधड बघ. बायपासवाल्या दर तीन-चार जणांत एकाला पहिल्या काही दिवसांत ठोक्यांची लय बिघडते, त्याला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. हृदयाचा वरचा कप्पा नीट आकुंचन पावत नाही, नुसता थरथरतो. रक्त कोपऱ्यात साचतं, गोठतं, आणि गुठळी सुटली की मेंदूत. बहुतेकांची लय औषधानं जागेवर येते आणि पुढं काही होत नाही. नुसत्या बायपासनंतर स्ट्रोक होणारे शंभरात एक-दोन, झडपेचं ऑपरेशन जोडीला असलं तर जास्त. हा धोका ऑपरेशनआधीच्या संमतीपत्रात लिहिलेला असतो, पण त्या घाईत कागद वाचतो कोण? नातेवाईकांना तो बसवून समजावून सांगायला पाहिजे, आणि ते सगळीकडं होत नाही, हे मी नोकरीत असतानाही बोलायची. तुमच्याकडं नक्की काय झालं ते डिस्चार्ज कार्ड आणि सीटीचा रिपोर्ट घेऊन न्यूरोच्या डॉक्टरलाच विचार.

इंजेक्शनचं म्हणशील तर ते साडेचार तासांच्या आत द्यायचं असतं. पण मोठ्या ऑपरेशननंतर पहिले 14 दिवस शक्यतो देत नाहीत. ताजे टाके असतात, छातीत रक्तस्राव झाला तर माणूसच हातचा जाईल. मोठी शीर बंद असेल तर मांडीतनं तार घालून गुठळी ओढून काढता येते, पण प्रत्येकाची शीर त्या मापाची नसते.

आता चांगभलंचं. चुलत्यांना सांग, आबा सोंग करत नाहीत. मेंदूच्या डाव्या बाजूला लागलं की शब्द जुळवणं जातं, पण रोजच्या सवयीचं, तोंडात बसलेलं असतं ते राहतं. देवाचं नाव, एक-दोन-तीन, शिवीसुद्धा! माझ्या एका पेशंटला बायकोचं नाव आठवत नव्हतं, पण हरिपाठ सुरू केला की ओळ पुरी करायचे. आबांसमोर म्हणा, त्यांना सूर लावू द्या. प्रश्न एका वेळी एकच आणि वस्तू दाखवून: "पाणी?" म्हणून तांब्या पुढं धरायचा. आवाज चढवू नका, त्यांना ऐकू येतंय. स्पीच थेरपी लवकर चालू करा, पहिल्या तीन महिन्यांत सुधारणा भरभर दिसते, नंतरही होत राहते.

काढ्याचं कारण असं. एवढं झाल्यावर रक्त पातळ करायची गोळी दिलेली असणार, कागद बघ. ती एसिट्रोम असेल तर आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय ते सांगणारा तपासणीतला आकडा, साधारण दोन ते तीनमध्ये लागतो. काढ्यात काय घातलंय कुणाला माहीत, त्यानं आकडा वर-खाली झाला तर रक्तस्राव तरी होईल नाहीतर पुन्हा गुठळी. अंगदुखीची गोळीही मनानं नको. पालेभाजीनंही तो आकडा हलतो; मेथी-पालक बंद करायची गरज नाही, पण आठवडाभर अजिबात नाही आणि लग्नाच्या पंगतीत पोटभर अळू, असं करू नका. लुळ्या हाताला गरम शेक तर नकोच, साखरेच्या माणसाला भाजलेलं कळतही नाही.

फिजिओ_राजारामपुरी

सिस्टरांनी निम्मं काम केलंय. मी फक्त खांद्याचं बोलतो. उठवताना घरचे लोक बगलेत हात घालून किंवा लुळा हात धरून ओढतात. त्यानं खांदा निखळतो आणि छातीच्या तारांवरही ताण येतो. कमरेला रुंद पट्टा बांधा, त्याला धरून उठवा. हाड जुळायला दोन-तीन महिने लागतात, तोवर दोन्ही हातांवर जोर देऊन उठायचं नाही. बसल्यावर उजवा हात मांडीवरच्या उशीवर, लोंबकळत नको. बोटं, मनगट, कोपर मात्र आजपासून हलवा, त्याला छातीची अडचण नाही. सर्जनना विचारून फिजिओ घरी बोलवा.

गुऱ्हाळावरची_लेक

खूप आभार. कागद काढून बघितला, एसिट्रोमच आहे. चुलत्यांना सिस्टरांचं सगळं वाचून दाखवलं, ते काही बोलले नाहीत, पण संध्याकाळी आबांजवळ बसून एक ते दहा म्हणत होते. आबा सातपर्यंत गेले. एक विचारायचं राहिलं, चहा पिताना ठसका लागतो, ते चालतंय का?

बावडेकर_सिस्टर

नाही चालत. पातळ पदार्थ श्वासनलिकेत उतरला तर न्यूमोनिया होतो. उद्याच डॉक्टरला सांग, गिळण्याची तपासणी करून घे, तोवर तोंडानं काय आणि कसं द्यायचं तेही त्यांनाच विचार. जे द्यायला सांगतील ते ताठ बसवून, लहान घासानं, डाव्या गालात, आणि जेवल्यावर अर्धा तास आडवं करू नका. मनगटाची नाडी रोज बघायला शिक, ठोके वेडेवाकडे लागले तर डॉक्टरला कळव. तोंड पुन्हा वाकडं झालं की थांबू नका, 108 लावा. आणि त्यांची कातडी चप्पल सध्या माळ्यावर टाका, पाय ओढत चालणाऱ्याला मागं पट्टा असलेलीच पाहिजे.