तलवारीत मशीनचा आवाज

गुरुवार रात्र

गौरी (३०२): गच्चीवर राहिलेल्या वस्तू माझ्याकडे आहेत. एक निळी सतरंजी, लहान मुलाची डावी चप्पल आणि स्टीलचा डबा (आत दोन चिरोटे आहेत, सकाळी घेऊन जा). 'स्टार वॉर्स'च्या पहिल्या भागाला सत्तावीस माणसं झाली. मी आठ-दहा धरून चालले होते. उद्या दुसरा भाग, बरोबर साडेआठला सुरू करू.

पाटील काका (१०१): छान झालं पोरी. पडद्याच्या चादरीला मधोमध सुरकुती पडलेली, तेवढी उद्या काढू. माझ्याकडे मोठ्या क्लिपा आहेत, घेऊन येतो.

सुनंदा मावशी (२०४): डबा माझा. गौरी, तू माईंच्या कानाशी बसून मराठीत सांगत होतीस ना, उद्या जरा मोठ्यानं सांग. मी पण तिकडंच सरकून बसते. खालची इंग्रजी अक्षरं वाचून होईतोवर वरचं चित्र निघून जातं.

ओंकार (४०१): ताई, सुरुवातीच्या पिवळ्या अक्षरांत 'भाग ४' लिहिलं होतं. मग चौथा आधी का लावलास? माझा मित्र म्हणतो १९९९ चा आधी बघायचा.

गौरी: 'स्टार वॉर्स' २५ मे १९७७ ला अमेरिकेत लागला तेव्हा त्यावर भाग चार असं काही नव्हतंच रे. ती ओळ १९८१ मध्ये पुन्हा लावताना जोडली. पुढचे दोन १९८० आणि १९८३ चे. त्याच्या आधीची गोष्ट सांगणारे तीन पार १९९९, २००२ आणि २००५ मध्ये आले. त्या वेळच्या लोकांनी ज्या क्रमानं बघितले त्याच क्रमानं आपण बघू, कारण दुसऱ्या भागात एक गोष्ट कळते आणि ती आधी माहीत असली की सगळा जीवच जातो त्यातला. माई, अण्णा, सुनंदा मावशी, हिरेमठ सर, चौघंही पहिल्यांदा बघतायत. ज्यांना माहीत आहे त्यांना हात जोडून विनंती, ग्रुपवर लिहू नका.

ओंकार: मला माहीत आहे. नाही सांगणार. देवाशपथ.

हिरेमठ सर (२०१): मी चाळीस वर्षं विज्ञान शिकवलं आणि हा चित्रपट राहून गेला होता बघा. सुरुवातीला ते मोठं जहाज डोक्यावरनं जातं, जातच राहतं, संपतच नाही. मी मान वर करून मागं बघितलं, खरंच मागं पाण्याच्या टाकीकडं बघितलं.

गौरी: सर, त्या जहाजाचं मॉडेल जेमतेम तीन फुटांचं आहे. त्याच्यापुढं जे चिमुकलं जहाज पळत असतं, त्याचं मॉडेल मात्र सहा फुटांचं.

हिरेमठ सर: म्हणजे मोठं ते लहान आणि लहान ते मोठं! मग कॅमेरा अगदी जवळ नेला असणार की.

गौरी: हो, जवळजवळ चिकटवूनच. मॉडेल जागेवर, हलायचा तो कॅमेरा. रुळावरचा कॅमेरा मोटारींवर चालायचा आणि एकदा केलेली हालचाल हवी तितक्या वेळा जशीच्या तशी करून दाखवायचा. मग प्रत्येक वेळी एकेक वस्तू वेगळी घ्यायची आणि सगळे थर एकावर एक बसवायचे. ह्या एका कामासाठी १९७५ मध्ये एका गोदामात नवीन कारखानाच उघडला होता त्यांनी.

हिरेमठ सर: हे मला वर्गात सांगता आलं असतं तर फार बरं झालं असतं.

शुक्रवार सकाळ

अण्णा (१०३): नातवाकडनं टाईप करून घेतोय. रात्री झोप लागली नाही म्हणून सकाळी सकाळी लिहितोय. काल मी पिक्चर निम्माच बघितला, निम्मा वेळ नुसता ऐकूलालो होतो. तो म्हातारा त्या पोराला त्याच्या बापाची तलवार देतो बघा. पोरगं बटण दाबतं, निळा उजेड बाहेर येतो आणि घूंऽऽ असा आवाज सुरू होतो. तो आवाज कानात पडला आणि माझा उजवा हात आपोआप वर गेला, खटका बंद करायला. मी १९८१ ला कॅम्पातल्या एका टॉकीजमध्ये हेल्पर लागलो, मागनं ऑपरेटर झालो, २०१० पर्यंत केबिनमध्येच होतो. दोन मशीनं. मोटार चालू आहे, रीळ अजून सोडलेलं नाही, त्या वेळी जो आवाज खोलीभर भरून असतो तो हाच. मी तिथंच माईला बोललो. ती म्हणाली, तुम्हाला सगळीकडं मशीनच ऐकू येतंय. गौरी, तुला ह्यातलं माहिती आहे म्हणून विचारतोय. माझा भास आहे काय हा?

गौरी: अण्णा, भास नाही. मी आत्ता चहा तसाच ठेवून हे लिहितेय.

गौरी: ह्या चित्रपटाचे आवाज बेन बर्ट नावाच्या माणसानं केले. तो सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात चित्रपट शिकत होता आणि तिथंच प्रोजेक्टर चालवायचं काम करायचा. तुमच्यासारखाच ऑपरेटर. मशीन नुसतं चालू ठेवलं की मोटारीची जी घुमघुम चालते ती त्याच्या कानात बसली होती. तलवारीला आवाज हवा म्हटल्यावर त्यानं आधी तीच घेतली. त्यात जुन्या टीव्हीच्या पिक्चर ट्यूबची करकर मिसळली. ती त्याला अचानक सापडली, माईकची वायर खराब होती आणि टीव्हीच्या मागून नेताना ती गुणगुणली. ह्या दोन आवाजांची मिळून ती तलवार.

अण्णा: मग फिरवल्यावर वूंऽऽ वूंऽऽ होतं ते? मोटार तसं करत नाही.

गौरी: तो मिसळलेला आवाज स्पीकरवर लावून ठेवायचा आणि त्याच्यासमोर माईक हातात धरून तलवारीसारखा फिरवायचा. जवळ येताना आवाज चढतो, लांब जाताना उतरतो.

हिरेमठ सर: डॉप्लर परिणाम! तिसऱ्या रेल्वे गेटावर उभं राहिलं की जाणाऱ्या गाडीची शिट्टी उतरते, तेच.

अण्णा: (बराच वेळ नातू टाईप करतोय, वाट बघा.)

अण्णा: पोरांनी मशीन बघितलं नाही म्हणून लिहितो. एक रीळ वीस मिनिटांच्या आत संपतं. म्हणून मशीनं दोन. पहिलं चालू असताना दुसऱ्यात पुढचं रीळ भरून तयार ठेवायचं. रीळ संपत आलं की पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात एक बारका ठिपका येतो. खाली बसलेल्या हजार माणसांत तो कुणाला दिसत नाही, आम्हाला दिसतो. पहिला ठिपका आला की दुसऱ्या मशीनची मोटार सुरू करायची. मग सात-आठ सेकंद. त्या सात-आठ सेकंदांत दोन्ही मोटारी एकदम वाजतात, एकीचा सूर जरा खाली, दुसरीचा जरा वर, आणि दोन्ही मिळून तो घूंऽऽ तयार होतो. दुसरा ठिपका आला की चेंजओव्हर, म्हणजे पहिलं मशीन बंद, दुसरं पडद्यावर. चुकलं तर पडदा पांढरा आणि खालनं शिट्ट्या. उजेडाला बल्ब नव्हता, कार्बन होते. दोन कांड्यांच्या मधी ठिणगी पेटवायची, कांड्या झिजतील तशा जवळ आणायच्या, काळ्या काचेतनं बघत बघत. अंगाला इतकी धग लागायची की आम्ही बनियनवर काम करायचो. पिक्चर कुठला चाललाय ह्याकडं लक्ष कमीच. एका भोकातनं बघायचं, ते सुद्धा कोपऱ्यातला ठिपका. म्हणून मी आयुष्यभर पिक्चर ऐकलेत, बघितले कमी. आणि त्या अमेरिकेतल्या पोराला पण तोच आवाज बरा वाटला म्हणायचं.

सुनंदा मावशी: अण्णा, इतकी वर्षं शेजारी राहून हे तुम्ही कधी बोलला नाही.

अण्णा: कोण विचारत नव्हतं ताई. टॉकीज बंद झाली तेव्हा मशीनं भंगारवाल्यानं किलोवर नेली. त्या दिवशी मी तिकडं गेलो नाही.

गौरी: बेन बर्टला त्या कामासाठी खास ऑस्कर दिलं होतं, अण्णा. त्या चित्रपटाला बाकीची सहा मिळाली, ती वेगळी.

ओंकार: ताई, बंदुकीचा आवाज कशाचा आहे मग? तो प्यूं प्यूं?

गौरी: रेडिओ टॉवरला ताण दिलेली लोखंडी तार असते ना, तिच्यावर हातोडी मारून रेकॉर्ड केलेला.

ओंकार: कोपऱ्यावरच्या लाईटच्या खांबाला तशीच तार आहे!!

पाटील काका: ओंकार, खबरदार. वळीव सुरू आहे, खांबाच्या ताणाला कधी करंट उतरेल सांगता येत नाही. हातोडी, दगड, काठी, काही नाही. तुझ्या बाबांना फोन केलाय.

पाटील काका: गच्चीवर कपडे वाळत घालायच्या दोरीच्या जागी आपण तार लावलीय, दोन लोखंडी पाइपांमधे. पाऊस नसताना तिच्यावर मार काय मारायचं ते. मी येतो बरोबर.

शुक्रवार रात्र

गौरी: ढग भरून आलेत, गच्ची रद्द. खाली पार्किंगमध्ये या. २०१ आणि ३०१ यांनी गाड्या बाहेर काढल्या तर चादर लावायला भिंत मिळेल.

हिरेमठ सर: काढली. खुर्च्या आणतो.

पाटील काका: क्लिपा लावल्या. सुरकुती गेली.

(साडेअकरा)

सुनंदा मावशी: मला काही लिहायला सुचेना. गौरी, तो मुखवटेवाला पोराला म्हणतो ते 'मी तुझा बाप आहे' हे वाक्य तू मराठीत सांगितलंस आणि मी माईंचा हात धरला, त्यांनी आधीच माझा धरला होता.

हिरेमठ सर: मी पण गप्प आहे. उद्या बोलू.

गौरी: एवढंच सांगते आणि झोपते. सेटवर सुद्धा हे फारसं कुणाला माहीत नव्हतं. मुखवटेवाल्याच्या काळ्या पोशाखात आत जो नट होता, डेव्हिड प्राउझ, त्याला बोलायला दुसरंच वाक्य दिलेलं होतं. समोर पोराचं काम करणाऱ्या मार्क हॅमिलला खरं वाक्य शॉट घ्यायच्या जरा आधी सांगितलं, तेही दिग्दर्शकानं बाजूला घेऊन. खरं वाक्य नंतर जेम्स अर्ल जोन्सनं बोललं, त्याचाच आवाज पहिल्यापासून आहे. अंग एकाचं, आवाज दुसऱ्याचा.

ओंकार: मी दोन दिवस कुणाला सांगितलं नाही. आईला पण नाही.

गौरी: माहीत आहे राजा. आज सगळ्यांचे चेहरे बघितलेस ना तू?

ओंकार: हो. मी पडद्याकडं बघतच नव्हतो.

शनिवार सकाळ

अण्णा: माईनं सांगितलेलं नातवानं लिहून काढलंय, तिच्या शब्दांत पाठवतो.

"मला त्या मुखवटेवाल्याची पहिल्या दिवसापासून भीती वाटली नाही. सगळे घाबरत होते, मी नाही. माझ्या वडलांना दमा होता. आमचं घर खानापुराकडचं, पावसाळ्यात चार-चार महिने ऊन दिसायचं नाही, आणि रात्री शेजारच्या खोलीतनं त्या मुखवटेवाल्यासारखाच श्वास ऐकू यायचा. आत ओढायचा, थांबायचा, बाहेर सोडायचा. तो श्वास चालू आहे म्हणजे वडील आहेत, असं धरून आम्ही भावंडं झोपायचो. पहिल्याच दिवशी मी ह्यांना म्हटलं, हा माणूस आजारी आहे, वाईट कसा असेल. काल ते कळल्यावर मला नवल नाही वाटलं, रडू आलं. तो दलदलीतला हिरवा म्हातारा बाहुली आहे म्हणे, आत कुणी हात घालून हलवतंय. असू दे. त्याचे डोळे माझ्या चुलत सासऱ्यांसारखे आहेत. उद्या मला पुढं बसवा."

गौरी: माई, तुम्ही पहिल्या रांगेत मधोमध. तो श्वास पाणबुड्यांच्या नळीचा आहे. पाण्याखाली श्वास घ्यायला तोंडात धरतात ते यंत्र, त्यात बारका माईक घालून बेन बर्टनं स्वतः श्वास घेतला. तुम्ही ओळखलात तसाच, माणसाचाच श्वास.

सुनंदा मावशी: उद्या चिरोटे नाही, कुंदा आणते. माईंना मऊ लागतो.

हिरेमठ सर: अण्णा, मी काल रात्रीच एक ठरवलं होतं, सांगितलं नाही. मी जिथं शिकवत होतो त्या शाळेच्या प्रयोगशाळेत कपाटावर एक १६ एमएमचा, म्हणजे बारक्या फिल्मचा, प्रोजेक्टर पडून आहे. मुलांना माहितीपट दाखवायचो त्यावर, मागची पंचवीस वर्षं कुणी हात लावला नाही. आता तिथंच उभा आहे. शिपाईमामांनी धूळ पुसली, वायर मी बदलली, पट्टा सैल आहे पण फिरतो. फिल्म न घालता नुसती मोटार चालू केली. ऐका.

(व्हॉइस मेसेज, ४२ सेकंद)

ओंकार: तलवार!!!

पाटील काका: दुसऱ्यांदा लावून ऐकलं. अंगावर काटा आला, सर.

गौरी: अण्णा, ऐकलंत?

गौरी: अण्णा?

अण्णा: ऐकला. चार वेळा ऐकला. सर, तुमचे फार उपकार झाले, एवढ्या लांब गेलासा. पण हा १६ चा आहे, आवाज बारीक येतो, गळ्यातला. आमच्या टॉकीजमधल्या ३५ चा पोटातनं येतो. आणि पंधराव्या सेकंदाला जी खरखर आहे ती पट्ट्याची नाही, बेअरिंग कोरडं आहे. असंच चालवू नका, जळेल. शिलाई मशीनचं तेल दोन थेंब घाला, जास्त नाही, आणि हातानं पाच-सहा फेरे फिरवून मगच बटण लावा. सोमवारी मी येतो तुमच्याबरोबर, पट्टा पण बघतो.

हिरेमठ सर: सोमवारी साडेनऊला गाडी काढतो.

ओंकार: अण्णा, मी पण येऊ?

अण्णा: ये की. जुनं बनियन घालून ये, तेल लागतंय.