मदत हवी आहे: खग्रास चंद्रग्रहणात तांबडा चंद्र हलतोय, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) वाढवू की ट्रॅकर (आकाशाबरोबर कॅमेरा फिरवणारं यंत्र) घेऊ?

७ सप्टेंबर २०२५ च्या ग्रहणाचे फोटो पुन्हा तपासतोय. एपीएस-सी (लहान सेन्सरची) कॅमेरा बॉडी, ३०० मिमी लेन्स, साधा ट्रायपॉड. खंडग्रास टप्पा छान आलाय. खग्रासात मात्र एफ/५.६, आयएसओ ८००, २ सेकंद ठेवलं होतं. रंग सुरेख, पण कडा पुसट. शंभर टक्के झूम केलं की शेजारचे तारे बारीक रेघांसारखे दिसतात, म्हणजे फोकस ठीक आहे, चंद्रच सरकलाय.

हिशेब असा: चंद्र आकाशात सेकंदाला साधारण १४.५ विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) सरकतो. ३.९ मायक्रॉनच्या पिक्सेलवर २ सेकंदांत ११ पिक्सेल जातात. १/४ सेकंद ठेवला तर दीड पिक्सेलच्या आत राहतो, पण मग आयएसओ ६४०० लागतो आणि गडद कडेला नॉइज (दाणेदारपणा) येतो.

स्टॅबिलायझेशन बंद, मिरर लॉकअप, २ सेकंदांचा टायमर हे सगळं केलेलं आहे, त्यामुळे कृपया तेच सुचवू नका.

१) आयएसओ ६४०० वर २०-३० रॉ (प्रक्रिया न केलेल्या) फ्रेम घेऊन स्टॅक केल्या (एकावर एक रचून सरासरी काढली) तर रंग टिकतो का? अलाइन करताना तारे धरायचे की चंद्राची कड?
२) छोटा ट्रॅकर घेतला तर २ सेकंदांना साधा तारकीय वेग (ताऱ्यांच्या सरकण्याचा वेग) पुरेल ना? चंद्र आणि ताऱ्यांच्या सरकण्यातला फरक तेवढ्यात जेमतेम एका विकलेचा निघतो.
३) चंद्र डोक्याजवळ असताना झूमची नळी हळूच खाली घसरते आणि फोकसही बिघडतो. टेपशिवाय काही पक्का उपाय?

पुढचं लक्ष्य ३१ डिसेंबर २०२८: ७१ मिनिटांचा खग्रास, ग्रहणाचा मध्य रात्री १०:२२ ला. तोवर नेहमीच्या पौर्णिमांना सराव करता येईल. आपल्या सेटिंगसह रॉ फ्रेम दाखवल्यात तर फार उपयोग होईल.